सिंधू संस्कृती: वजनं, विटा, लिपी... येत होतं ते सगळं विसरले कसे?

प्रवराकाठ | रविवार, रात्री ९:१०

गेल्या महिन्यात नववीच्या मुलांना घेऊन दायमाबादला गेलो होतो. श्रीरामपूर तालुका, प्रवरेचा डावा काठ. नुसतं बघायला गेलं तर तिथे पांढर आहे, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखाडी मातीचं टेकाड, काटेरी झुडपं आणि पायाखाली खापरंच खापरं. १९७४ साली इथल्याच एका भिल्ल गावकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथ ४५ सेंटीमीटर लांब, त्यात उभा राहून बैल हाकणारा माणूस, आणि पुढे दांडीवर उभं असलेलं कुत्रं. चारही मूर्ती भरीव, ओतीव. मिळून वजन साठ किलोच्या वर.

मुलांना सगळं सांगितलं. सिंधूच्या खोऱ्यात इ.स.पू. २६०० ते १९०० या काळात मोठी शहरं होती, ती मोडल्यावर त्यांचे काही धागे गुजरातमार्गे इथवर आले, दायमाबादच्या एका थरात उत्तर-हडप्पा (म्हणजे शहरं मोडल्यानंतरच्या) काळाची भांडी मिळाली, बटणाएवढ्या मातीच्या मुद्रांवर सिंधू लिपीची चिन्हं मिळाली. शहरं का मोडली? पाऊस कमी झाला, नद्यांचं पाणी आटलं, व्यापार बसला, लोक पांगले. पुस्तकात असतं तसंच सगळं.

एक मुलगी म्हणाली, "सर, लोक पांगले ते समजलं. पण त्यांना लिहायला येत होतं ना? मग पांगल्यावर लिहिणं का बंद झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. महिना झाला, प्रश्न डोक्यातून जात नाही. दुष्काळात माणूस गाव सोडतो, गुरं विकतो. आमच्या आज्याने ७२ च्या दुष्काळात हे सगळं केलं. पण तो आकडे विसरला नाही, सही करायला विसरला नाही. इथे तर पाच-सात शतकं चाललेली लिपी, घनाकृती वजनं, मुद्रा, एका मापाची भाजकी वीट, गटारं, हे सारं काही पिढ्यांत दिसेनासं झालं. शहरं का मोडली यावर खूप लिहिलं गेलंय. येत होतं ते विसरले कसे, यावर जाणकारांनी लिहावं ही विनंती.

अक्षरवेडी | रविवार, रात्री १०:३५

फार सुंदर प्रश्न विचारलाय तुमच्या विद्यार्थिनीने. वाचनखूण साठवली आहे.

लिपीपुरतं सांगते. इरावतम महादेवन यांनी १९७७ साली सगळ्या लेखांची जी सूची केली तिच्यात ४१७ वेगवेगळी चिन्हं आहेत. काही अभ्यासक याहून कमी मोजतात, काही बरीच जास्त. एका लेखात सरासरी पाच चिन्हं. एका बाजूवरचा सर्वांत लांब लेख सतरा चिन्हांचा. उजवीकडून डावीकडे लिहायचे हे नक्की. राजस्थानातल्या कालीबंगनच्या खापरावर एक चिन्ह दुसऱ्यावर कसं चढलंय ते पाहून बी. बी. लाल यांनी दाखवलं, आणि काही मुद्रांच्या ठशांवर डाव्या टोकाला जागा संपल्याने चिन्हं दाटीने कोंबलेली दिसतातच.

बहुतेक लेख शंखजिऱ्याच्या चौकोनी मुद्रांवर आहेत, किंवा त्या मुद्रांच्या मातीतल्या ठशांवर. वर ओळभर चिन्हं, खाली प्राणी, बहुतेकदा तो बैलासारखा एकशिंगी. तळहातावर मावेल एवढीच वस्तू. लांबलचक हिशेब, पत्र, राजाची आज्ञा, देवाची स्तुती यांतलं काही हाती नाही. असेल तर कापडावर, पानावर, लाकडावर लिहिलं असेल आणि कुजून गेलं असेल.

मुलीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं. ही लिपी मुद्रेपुरती, मालावर ठसा मारण्यापुरती असेल, तर ती येणारे लोक मुळात मूठभर असणार. तुमच्या आजोबांची सही त्यांची स्वतःची होती. इथे लिहिणं हे एखाद्या पेढीचं काम असेल तर पेढी बंद झाल्यावर मुनिमाच्या मुलाने ते कशाला शिकावं?

कुरुक्षेत्र | सोमवार, सकाळी ७:५०

निम्म्याहून जास्त वस्त्या घग्गर-हाक्राच्या कोरड्या पात्राकाठी आहेत, म्हणजे सरस्वतीच्या काठी. मग लिपीतली भाषा संस्कृत किंवा तिची जननीच असणार. विसरले असं म्हणण्यापेक्षा ते ज्ञान मौखिक परंपरेत गेलं असं का म्हणू नये?

अक्षरवेडी | सोमवार, दुपारी १:१५

कुरुक्षेत्र, मौखिक परंपरेचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. आपल्याकडे पाठांतराला लिहिण्यापेक्षा जास्त मान होता हे खरंच. पण भाषा कोणती हे आधी ठरवून मग चिन्हं लावणं मला पटत नाही, ती संस्कृत असो की द्राविडी. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवणारे फादर हेरास माशाचं चिन्ह 'मीन' असं वाचायचे. तमिळमध्ये मीन म्हणजे मासा आणि ताराही. पुढे फिनलंडचे आस्को पारपोला यांनी तीच वाट बरीच पुढे नेली. कल्पना देखणी आहे आणि मला आवडतेही. पण कसोटी एकच: ज्याने वाचन सुचवलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला तोच नियम लावून नवी मुद्रा वाचता येते का? आजवर कोणाचंही वाचन या कसोटीला उतरलेलं नाही. ग्रीसच्या क्रीट बेटावरची 'लिनिअर बी' लिपी मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली दुभाषी लेखाशिवाय (तोच मजकूर माहीत असलेल्या भाषेत हाती नसताना) सोडवली, पण त्याच्यापुढे मालाच्या याद्यांच्या शेकडो पाट्या होत्या. आपल्याकडे पाच-पाच चिन्हं.

ही लिपीच नाही, नुसती चिन्हं आहेत, असं फार्मर, स्प्रोट आणि विट्झेल यांनी २००४ साली मांडलं. २००९ साली राजेश राव, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया, निशा यादव वगैरेंनी गणिताने दाखवलं की चिन्हांचा क्रम भाषेत असतो तितपत नियमबद्ध आहे. तो वादही मिटलेला नाही. तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलंय.

तागडी | सोमवार, रात्री ९:४५

आमचं तीन पिढ्यांचं भुसार मालाचं दुकान. इतिहासातलं मला काही कळत नाही, पण वजनांवर बोलू शकतो, कारण हडप्पाची वजनं बघून मी अक्षरशः थक्क झालो होतो.

गारेच्या दगडाचे घासून केलेले घन. पट अशी: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. सगळ्यात लहान पाऊण ग्रॅमहून थोडं जास्त, आणि सोळापट वजन साधारण पावणेचौदा ग्रॅमचं, तेच सर्वांत जास्त सापडतं. आजोबांच्या दुकानात शेराचे चार पावशेर, पावशेराचे दोन अदपाव, अदपावाच्या दोन छटाका. सोळा छटाकांचा शेर, सोळा आण्यांचा रुपया. मी असं म्हणत नाही की आमची छटाक हडप्पाहून आली. मधल्या काळाचा पुरावा कोण देणार? पण दुकानदाराचं डोकं असंच का चालतं ते सांगतो.

दुप्पट करत गेलं की सात वजनांत १ ते १२७ पर्यंत काहीही जोखता येतं. आणि महत्त्वाचं म्हणजे पुढचं वजन करायला फक्त तागडी लागते. एका पारड्यात आधीची दोन ठेवा, दुसऱ्यात दगड ठेवून घासत जा, काटा मध्ये आला की थांबा. एक खात्रीचं वजन हातात असलं की कुठल्याही गावात अख्खा संच करता येतो. राजा लागत नाही, सरकारी कचेरी लागत नाही.

लागतं ते दुसरंच. दर दोन वर्षांनी वजनमापं खात्याकडून वजनं तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, कारण लोखंडाचं वजनही झिजतं. दगडाचं झिजत नसेल फारसं, पण नकलेवरून नक्कल करताना चूक होते आणि ती साचत जाते. दहा लाख चौरस किलोमीटरमध्ये वजनं एकसारखी राहिली याचा अर्थ कोणीतरी सारखं ताडून बघत होतं. माझ्या मते तपासणारा म्हणजे समोरचा गिऱ्हाईकच. तो स्वतःचं वजन घेऊन येतो, तुमच्या वजनाशी लावतो, आणि फरक निघाला तर भांडतो.

मनामावासी | मंगळवार, पहाटे १२:२०

तागडी, तुमचा प्रतिसाद वाचून झोप उडाली. मी बहरीनमध्ये बारा वर्षं आहे, गाव सातारा. इथे कलात अल-बहरीन म्हणून किल्ल्याचं टेकाड आहे, अगदी समुद्राला लागून. सरांच्या भाषेत पांढरच. खाली दिल्मुन संस्कृतीचं शहर आहे आणि त्यात हडप्पाच्या मापाची वजनं सापडली आहेत. दिल्मुनच्या व्यापाऱ्यांनी तेच माप उचललं होतं. मेसोपोटेमियाचे लोक त्याला दिल्मुनचं माप म्हणायचे, कारण माल त्यांच्याकडे दिल्मुनमार्गे यायचा. म्हणजे तुमचा तो भांडणारा गिऱ्हाईक इथे बसला होता!

मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सार्गोन फुशारकी मारतो की मेलुह्हा, मगान (आजच्या ओमानकडचा मुलूख) आणि दिल्मुनची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात. मेलुह्हा म्हणजे सिंधूचा मुलूख असं बहुतेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात शू-इलिशू नावाच्या माणसाची मुद्रा आहे, तिच्यावर त्याचा धंदा लिहिलाय: मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषा. चार हजार वर्षांपूर्वी तो माणूस ती भाषा बोलत होता, आणि आपल्याला तिचा एक शब्दही खात्रीने सांगता येत नाही. हे आठवलं की मला कसंतरीच होतं.

अक्षरवेडी, तुमच्यासाठी: आखातातल्या गोल मुद्रांवर सिंधू लिपीचीच चिन्हं आहेत, पण त्यांचा क्रम सिंधूच्या मुलखात दिसतो तसा नाही. इथे स्थायिक झालेले लोक त्याच अक्षरांत दुसरी भाषा लिहीत असावेत असं म्हणतात.

अक्षरवेडी | मंगळवार, सकाळी ११:०५

@मनामावासी, अगदी बरोबर. नुसती शोभेची चिन्हं असती तर परक्या देशात क्रम बदलायचं कारण काय? त्यामुळेच ती लिपी आहे याकडे माझा कल आहे.

गाळपेर | मंगळवार, रात्री ८:३०

नद्यांबद्दल थोडं, कारण वर 'नद्यांचं पाणी आटलं' असं एका वाक्यात आलंय. माझं काम गाळाच्या थरांवरचंच आहे.

सतलज एके काळी घग्गरच्या पात्रातून वाहायची. पण कालीबंगनजवळच्या गाळाच्या अभ्यासातून २०१७ साली पुढे आलं की तिने ते पात्र आठ हजार वर्षांपूर्वीच सोडलं होतं. म्हणजे हडप्पाची शहरं वसली तेव्हा हिमालयातली मोठी नदी तिथून गेलेली होती. २०१९ च्या दुसऱ्या एका अभ्यासाचं म्हणणं वेगळं आहे, की साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत पात्रात बारमाही पाणी होतं. कुरुक्षेत्र, या वादात अजून बरंच खणायचं आहे, म्हणून घाई नको. मला पहिल्या अभ्यासातला एक विचार फार पटतो: मोठी नदी नाही म्हणूनच तिथे वस्ती सुरक्षित होती. महापुराची भीती नाही, जुन्या पात्रात ओल टिकते, पावसाचं पाणी येतं. आपल्याकडेही धरणाचं पाणी ओसरल्यावर गाळपेर जमिनीवर हरभरा, गहू घेतात, तसंच.

मग साधारण ४२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस रोडावला. इजिप्त, मेसोपोटेमिया, सगळीकडे त्याच्या खुणा आहेत, मेघालयातल्या गुहेच्या चुनखडीतही आहेत. पण लोक एका रात्रीत उठून गेले नाहीत. सिंधमध्ये वस्त्या कमी झाल्या आणि पूर्वेला हरियाणा, गंगा-यमुनेचा दुआब, दक्षिणेला गुजरात इथे लहान लहान गावं वाढली. गहू-जवाबरोबर भरड धान्यं वाढली. गाव टिकलं, शहर मोडलं. एका जागी शंभर घरांचं धान्य साठत नसेल तर मुद्रा कशावर मारणार?

प्रवराकाठ | बुधवार, सकाळी ६:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. परवापर्यंतचे प्रतिसाद काल छापून वर्गात वाचून दाखवले.

एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत असावी म्हणून लिहितो. मोहेंजोदारोच्या नकाशावर एका मोठ्या भागाला 'डीके' असं नाव आहे. ती अक्षरं काशिनाथ नारायण दीक्षितांची. पंढरपूरचे. १९२४-२५ मध्ये ते तिथे खणत होते. शाल पांघरलेला, अर्धवट मिटल्या डोळ्यांचा तो दाढीवाला पुतळा पुस्तकात सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो त्यांच्याच खोदकामात मिळाला. उंची जेमतेम साडेसतरा सेंटीमीटर. त्याला 'पुरोहित-राजा' म्हणतात, पण तो पुरोहित होता की राजा, की दोन्ही नव्हता, याचा काडीचा पुरावा नाही. पुढे दीक्षित १९३७ ते १९४४ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. मी पंचवीस वर्षं इतिहास शिकवतोय, हे नाव क्रमिक पुस्तकात यावं असं मला फार वाटतं.

त्यांच्यानंतर आलेल्या मॉर्टिमर व्हीलरने मोहेंजोदारोच्या गल्ल्यांतले सांगाडे बघून आर्यांच्या आक्रमणाची गोष्ट रचली आणि इंद्राला आरोपी केलं. जॉर्ज डेल्सने १९६४ साली दाखवलं की ते तीस-चाळीस सांगाडे एका काळातले नाहीतच. तरी ती गोष्ट अजून लोकांच्या तोंडी आहे. आमच्या वर्गातही एकाने सांगितली.

कोणी धोलावीरा पाहिलंय का? तिथल्या त्या पाटीबद्दल वाचायला आवडेल.

रणवाटा | बुधवार, रात्री ११:१०

सर, दोनदा जाऊन आलेय. कच्छच्या रणातलं खदिर बेट, वाट दोन्ही बाजूंनी पांढरी. मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांच्या मध्ये शहर. वर्षाचे बहुतेक महिने दोन्ही कोरडे. त्या जागी बांध घालून, खडक फोडून, एकापुढे एक हौद बांधलेत. हौदात उतरायच्या पायऱ्यांवर बसले तेव्हा मला आमच्या माणदेशातल्या आजीची आठवण झाली. पहिल्या पावसाचं पाणी ती पत्र्यावरून पिंपात घ्यायची आणि कोणाला हात लावू द्यायची नाही.

पाटी आर. एस. बिश्त यांच्या उत्खननात उत्तर दरवाज्याजवळच्या खोलीत मिळाली. दहा चिन्हं, प्रत्येक साधारण ३७ सेंटीमीटर उंच, पांढऱ्या जिप्समच्या तुकड्यांची. लाकडी फळीवर बसवलेली असावीत. फळी कुजली, अक्षरं मातीत राहिली. हौशीने लावलेली, लांबून दिसावी म्हणून केलेली. अक्षरवेडी म्हणतात तसं लिहिणं मूठभरांचं होतं हे मला त्या जागेवर उभं राहून पटलं नाही. दरवाज्यावर पाटी लावतो माणूस ती येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावी म्हणूनच ना?

अक्षरवेडी | गुरुवार, सकाळी १०:००

रणवाटा, या पाटीने माझं मत डळमळतं हे कबूल करते. मुद्रेवरची अक्षरं नखाएवढी आणि ही हातभर. वाचणारे थोडे असतील तरी 'ही अक्षरं आहेत' हे ओळखणारे पुष्कळ असणार. तेवढा भाग माझ्या पहिल्या प्रतिसादात राहून गेला होता.

चूलबोळकी | गुरुवार, दुपारी ३:२५

इथे सगळे विसरलेल्या गोष्टींबद्दल बोलताहेत. जे विसरले नाहीत त्याबद्दल मी लिहिते.

हरियाणात फरमाणा इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. तिथल्या भांड्यांत आणि माणसांच्या दातांवर चिकटलेले पिष्टकण तपासले तर हळद आणि आलं निघालं. चार हजार वर्षांपूर्वीच्या फोडणीचा वास मला आला हे वाचून! डेक्कन कॉलेजनेच पुढे राखीगढी खणलं. तिथल्या ६१ सांगाड्यांचे नमुने घेतले, त्यांतल्या एकाच बाईच्या हाडात वाचता येईल इतका डीएनए उरला होता (२०१९ साली प्रसिद्ध झालं). तिच्यात युरेशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांचा अंश मिळाला नाही. एका बाईवरून केवढं बोलायचं याचं भान ठेवलं पाहिजे, पण तिच्यासारख्यांचा वंश आज दक्षिण आशियात सगळीकडे पसरला आहे.

मण्यांचंही तसंच. लाल अकीकाचे बोटभर लांब मणी हडप्पाचे कारागीर खास कठीण दगडाच्या सामत्याने आरपार भोकायचे. तासाला जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. दहा सेंटीमीटरच्या मण्याला चाळीस तास! तो सामता शहरांबरोबर गेला. पण खंभातला अकीकाचा धंदा आजही चालू आहे, हत्यार तेवढं वेगळं.

म्हणजे हळद राहिली, बैलगाडी राहिली, मणी राहिले. लिपी, मुद्रा आणि वजनं गेली. आई लेकीला जे शिकवते ते राहिलं, असं म्हणू का?

प्रवराकाठ | गुरुवार, रात्री ९:५५

चूलबोळकी, तुमच्या प्रतिसादाने माझ्या मनात गेला महिनाभर जे घोळत होतं ते जागेवर बसलं. मी त्यात थोडी भर घालतो. मणी आईने शिकवला नसेल, बापाने कारखान्यात शिकवला असेल. पण तो घरातल्या घरात शिकवता येतो. मुद्रा, वजन आणि लिपी यांना समोर अनोळखी माणूस लागतो. घरच्या माणसाला धान्य द्यायला शिक्का लागत नाही, वाटी पुरते. गुजरातेतल्या लोथलचा माणूस बहरीनच्या माणसाला माल देतो तेव्हाच ठसा, माप आणि नाव लागतं. इ.स.पू. १८०० च्या सुमारास मेसोपोटेमियाच्या लेखांतून मेलुह्हाशी चालणाऱ्या व्यापाराचा उल्लेख नाहीसा होतो. ज्यांच्यासाठी या गोष्टी होत्या ती माणसंच यायची थांबली.

दायमाबादच्या त्या बटणाएवढ्या मुद्रा आता मला वेगळ्या दिसतात. प्रवरेच्या काठी, सगळं संपत आल्यावर, कोणीतरी अजून चिन्हं काढत होतं. त्याला ती वाचता येत होती की आज्याच्या मुद्रेवर होती म्हणून तशीच गिरवली, हे कळायला मार्ग नाही. त्यानंतरच्या थरांत माळवा आणि जोर्वे पद्धतीची देखणी भांडी आहेत, घरं आहेत, धान्य आहे. माणसं सुखाने नांदत होती. लिहिणं मात्र नाही.

(रथाच्या काळाबद्दल वाद आहे, तो मुद्दाम वर घेतला नाही. मूर्ती शास्त्रीय उत्खननात मिळाल्या नाहीत, आणि धातूत सोमलाचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त निघाल्याने काहींना त्या नंतरच्या वाटतात. दायमाबादचं उत्खनन करणाऱ्या एस. ए. साळींनी त्या उत्तर-हडप्पा थराच्याच मानल्या. त्यांची बाजू मला जास्त पटते.)

कुरुक्षेत्र | शुक्रवार, सकाळी ८:०५

माझं मत अजून तेच आहे, पण अनोळखी माणसाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. गाळपेर, २०१७ च्या अभ्यासाबद्दल सवडीने व्यक्तिगत निरोप पाठवतो.

तागडी | रविवार, सायंकाळी ६:३०

दोन दिवस उशिरा लिहितोय, कारण एक प्रयोग करत होतो.

माळ्यावरून आजोबांची पितळी तागडी काढली, चिंचेने घासली. दहा ग्रॅमचं शिक्क्याचं वजन घेतलं आणि त्यावरून कापडी पुरचुंड्यांत वाळू भरून दुपटी करत गेलो. नातू मदतीला. वीस, चाळीस, ऐंशी, एकशे साठ, तीनशे वीस, सहाशे चाळीस. प्रत्येक वेळी काटा मध्ये आल्याशिवाय हललो नाही. शेवटची पुरचुंडी दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली तर ६५२.

सहा दुपटींत बारा ग्रॅम चुकलो. मी, ज्याचं आयुष्य काट्यासमोर गेलं. मग शेजारच्या दुकानातून दुसरं दहाचं वजन आणलं, प्रत्येक पायरीला दोन्हींशी ताडून पुन्हा सगळं केलं. या वेळी ६४३.

नातवाने विचारलं, शेजारचं दुकान बंद असतं तर?

प्रवराकाठ | रविवार, रात्री ८:१५

तागडी, येत्या शनिवारी ती तागडी आणि नातू दोघांना घेऊन आमच्या शाळेत याल का? श्रीरामपूर स्टँडवरून मी घ्यायला येतो. प्रश्न विचारणारी मुलगी पहिल्या बाकावर बसते. वाळू आमच्याकडे आहे, प्रवरेचीच.